आमची वाटचाल: शिरोलीतील ॲसिडचे गोदाम

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत वडिलांनी गंधकाम्लाचा, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडचा, व्यवसाय सुरू केला तो भोपाळच्या दुर्घटनेनंतरच्या वर्षांत, जेव्हा रसायनाचे नाव काढताच शेजारचे गाळेधारक आक्षेप घेत आणि बँकेचे व्यवस्थापक अर्ज बाजूला ठेवत. भोपाळला जेमतेम वर्ष होत असताना, 4 डिसेंबर 1985 रोजी, दिल्लीतील श्रीराम फूड अँड फर्टिलायझरच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली होती. ओलियम हे गंधकाम्लाचेच अधिक तीव्र भावंड असल्याने त्या घटनेची चर्चा आमच्या धंद्यात फार झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये असे ठरवले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर अपघाताची जबाबदारी कोणत्याही अपवादाविना येते. काळजी घेतली होती, एवढे सांगून सुटका होत नाही. वडिलांनी या निकालाचा सरळ अर्थ लावला होता. माल विकून आपले काम संपत नाही, तो कोणाच्या हातात आणि कसा उतरतो हेही आपणच पाहायचे.

ओतकामाच्या या परिसरात फौंड्रीवाल्यांना ॲसिड फारसे लागत नाही. आमचे ग्राहक म्हणजे इलेक्ट्रोप्लेटिंग करणारे छोटे कारखाने, बॅटरीची दुकाने आणि सांडपाण्याचा सामू (पीएच) खाली आणण्यासाठी ॲसिड घेणारी इचलकरंजीची प्रोसेस हाउस, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने. इतक्या वर्षांच्या व्यवहारातून आमचे एक मत पक्के झाले आहे. टाकीत स्थिर असलेले ॲसिड क्वचितच कोणाला इजा करते. इजा होते ती ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जाताना, म्हणजे होज (लवचीक नळी), फ्लँज (पाइपचे जोड), व्हॉल्व्ह आणि कॅनचे तोंड या ठिकाणी. आमची बहुतेक गुंतवणूक याच ठिकाणांवर झाली.

पहिली अडचण वजनाची होती. 98 टक्के तीव्रतेचे ॲसिड पाण्याच्या 1.84 पट जड असते, त्यामुळे 50 लिटरचा कॅन काठोकाठ भरला तर त्यातील मालच 90 किलोंच्या वर जातो. आकारावरून अंदाज बांधून एकट्याने उचलायला जाणाऱ्या माणसाच्या हातून असा कॅन निसटतो, झाकण आपटते आणि ॲसिड थेट पायांवर येते. म्हणून आम्ही 35 लिटरच्या जाड कॅनमध्ये 50 किलोच माल भरतो आणि तो ट्रॉलीवरूनच हलवतो. 10 टन माल जेमतेम 5,400 लिटर भरतो, त्यामुळे आमचा टँकर दिसायला लहान असतो आणि नवीन ग्राहकाला माल कमी आल्याची शंका येते. तिचे निरसन वजनकाट्यावर करून द्यावे लागते.

साठवणुकीची टाकी साध्या लोखंडाची आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. तीव्र ॲसिडमुळे लोखंडाच्या आतील पृष्ठभागावर आयर्न सल्फेटचा पातळ थर बसतो आणि तोच पुढची झीज रोखतो. मात्र हा थर नाजूक असतो. पाइपमधून ॲसिड फार वेगाने वाहिले किंवा उन्हाने टाकी फार तापली, तर तो सुटतो. त्याहून वाईट म्हणजे पावसाळी हवेतील ओलावा, जो ॲसिड स्वतःहून ओढून घेते. टाकीच्या श्वासनळीतून, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीतून, आत आलेल्या ओलाव्याने टाकीच्या वरच्या भागात, मॅनहोलच्या कडेला, पातळ ॲसिड तयार होते, आणि पातळ ॲसिड लोखंड खाऊन हायड्रोजन सोडते. टाकी खालून भक्कम आणि मानेजवळ पोखरलेली, असे चित्र म्हणूनच दिसते. आम्ही श्वासनळीवर ओलावा शोषणारा फिल्टर बसवला असून टाकीची जाडी अल्ट्रासोनिक मापकाने वरच्या पट्ट्यात अधिक ठिकाणी तपासून घेतो. टाकी रिकामी करून, धुऊन, वायू तपासून लेखी परवाना निघेपर्यंत तिच्या जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग होत नाही. लोखंडी ड्रम फुगलेला दिसला तर त्यातही हायड्रोजनच साठलेला असतो. त्याचे बूच ठिणगी न पाडणाऱ्या पान्याने, चेहरा बाजूला ठेवून, अगदी सावकाश सैल करावे लागते. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा निरुपद्रवी असतो हा समज भंगारवाल्यांमध्ये फार पसरलेला आहे, म्हणून आमचे रिकामे ड्रम न धुता आणि न कापता आवाराबाहेर जात नाहीत.

टँकर रिकामा करण्याच्या जागी प्रत्येक फ्लँजभोवती टेफ्लॉनच्या कापडाचे आवरण बांधलेले आहे, जेणेकरून गॅस्केट फुटले तरी फवारा माणसाच्या उंचीवर न उडता खाली गळेल. माल उतरून झाल्यावर होज लगेच सोडण्याची घाई करू दिली जात नाही, कारण होजच्या झोळात उरलेले दोन-तीन लिटर ॲसिड बहुतेक वेळा जोड सोडणाऱ्याच्या मनगटावर येते. चामड्याचे हातमोजे आमच्याकडे चालत नाहीत. पीव्हीसी किंवा निओप्रीनचेच लागतात. पँट गमबुटात खोचायची नाही, बुटावरून बाहेर सोडायची, नाहीतर वरून ओघळलेले ॲसिड बुटात साठून राहते. ही एवढी साधी गोष्ट नवीन कामगाराच्या अंगवळणी पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. पातळ ॲसिडचा शिंतोडा सुती कापडावर पडला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पाणी उडून ॲसिड तीव्र होत जाते आणि पुढच्या धुण्यात शर्टाची जाळी होऊन हाती येते.

डोळे धुण्याची व्यवस्था हा आमच्यासाठी वेगळाच धडा ठरला. ॲसिड उडाल्यावर पहिल्या काही सेकंदांत पाणी मिळाले पाहिजे आणि किमान 15 मिनिटे सलग धुतले पाहिजे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु एप्रिलमध्ये उघड्यावरून आणलेल्या पाइपातील पाणी इतके तापते की त्यात डोळा धरवत नाही, आणि वीज गेली की पंपावर चालणारी यंत्रणा बंद पडते. म्हणून आम्ही पाइप जमिनीखालून नेला, टाकी सावलीत उंचावर बसवली आणि पाणी केवळ उतारावर येईल अशी रचना केली. त्वचेवर सोडा लावून ॲसिड मारण्याचा प्रयत्न कोणी करू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. भरपूर पाणी आणि लगेच डॉक्टर, एवढेच. जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी कोरडी वाळू आणि सोडा ॲश (धुण्याचा सोडा) ठेवलेला असतो. लाकडाचा भुसा वापरत नाही, कारण ॲसिडने तो तापून काळा पडतो. एक किलो ॲसिडला एक किलोहून थोडा अधिक सोडा ॲश लागतो, त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेल्या एका पिशवीवर भिस्त ठेवणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

बॅटरीसाठी पातळ ॲसिड आम्ही स्वतः तयार करतो. पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडमध्ये पाणी घालू नये, हे शाळेत शिकवतात. त्याचे कारण असे की हलके पाणी ॲसिडवर तरंगत राहते, मिश्रणाच्या उष्णतेने जागीच उकळते आणि उडताना ॲसिड सोबत घेऊन येते. शाळेत न शिकवला जाणारा भाग म्हणजे वेग. क्रम योग्य असूनही धार मोठी असेल तर मिश्रण प्लास्टिकची टाकी मऊ पडेल इतके तापते. आमच्याकडे थंड पाण्याची वेटोळी, ढवळणारा पंप आणि तापमापक आहे, आणि काटा 50 अंशांच्या वर जाऊ लागला की ॲसिडचा व्हॉल्व्ह बंद होतो. काम सावकाश होते आणि बॅटरीवाले त्याबद्दल कुरकुरतात.

जुलै 2013 मध्ये, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले. नोंदवही, छायाचित्रासह ओळखपत्र, खरेदीचे कारण, 18 वर्षांखालील व्यक्तीस विक्री नाही, साठ्याची माहिती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आणि कसूर झाल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड, अशा त्या अटी होत्या. आम्ही त्याच सुमारास सुटी विक्री पूर्णपणे बंद केली. उलाढालीत घट झाली, पण शीतपेयाच्या बाटल्या घेऊन दाराशी येणारे लोक थांबले याचे समाधान अधिक होते. पाण्यासारखे दिसणारे, वास नसलेले द्रव अशा बाटलीत घरी जाणे, याहून भीतिदायक काही आम्ही या धंद्यात पाहिलेले नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि 2021 मध्ये पुन्हा तेच झाले. भरलेली ॲसिडची टाकी पुरात तरंगत नाही, तेवढे तिचे वजन असते. रिकामी टाकी मात्र पायावरून उचलली जाते आणि जाताना पाइप तोडते. शिवाय श्वासनळी पाण्याखाली गेली तर पाणी सरळ ॲसिडवर येते. त्यामुळे पुराची सूचना मिळताच टाकी रिकामी करावी, हा लोकांचा सल्ला आम्ही मानला नाही. श्वासनळी छताच्या वर नेली, पायाला जाड बोल्ट टाकले आणि पावसाळ्याच्या तोंडावर कॅनचा साठा माळ्यावर न ठेवता सरळ कमी करतो.

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे 1830 या संयुक्त राष्ट्र क्रमांकाचा फलक असतो, चालकाजवळ ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारे कार्ड, असते आणि त्याचे प्रशिक्षणही झालेले असते. हे नियमानेच आहे. नियमात नसलेली एक गोष्ट आम्ही पाळतो. नवीन ग्राहकाला पहिला टँकर पाठवण्यापूर्वी आमचा माणूस त्याची उतरवण्याची जागा पाहून येतो, नळ उघडून पाणी येते का ते बघतो, आणि ॲसिड व हायपोक्लोराइट (ब्लीचिंगचे द्रव) यांची तोंडे शेजारी-शेजारी असतील तर ती वेगळी करून निरनिराळ्या मापाची जोडणी बसवेपर्यंत ऑर्डर घेत नाही, कारण ही दोन द्रवे चुकून एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. यावरून एका प्रोसेस हाउसने आमच्याकडून माल घेणे थांबवले. दुसऱ्याने जोडण्या बदलून घेतल्या, आणि आता त्यांचा उतरवणारा माणूस आमच्या चालकाच्या आधी चष्मा लावून उभा असतो.