भुताची बाजू

भयकथेतला माणूस मध्यरात्री तळघराचं दार उघडायला निघाला की वाचणाऱ्याने मनातल्या मनात ओरडायचं असतं, "अरे बाबा, नको जाऊस!" नुकत्याच अर्ध्यावर सोडलेल्या कादंबरीचा नायक त्या दाराशी पोचला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "जा एकदाचा."

कादंबरी टाकाऊ नव्हती. पडकं घर, वरच्या मजल्यावरची पावलं, आरशात किंचित उशिरा हलणारं प्रतिबिंब, सगळं चोख. अडचण नायकाची. बायकोचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करणारा, मुलगी घाबरली की तिच्यावरच खेकसणारा, आणि वर आपण किती हळवे आहोत हे पानोपानी ऐकवणारा. त्यात निवेदन प्रथमपुरुषी. भूत प्रकरणाच्या शेवटी येतं, हा गृहस्थ प्रत्येक ओळीत!

नायक सज्जनच हवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला व्हिक्टर घ्या. स्वतः घडवलेला जीव डोळे उघडतो न उघडतो तोच हा त्याला टाकून पळतो. पुढे धाकट्या भावाच्या खुनाचा आळ घरातल्या निरपराध जस्टिनवर येतो. खरा खुनी कोण याची खात्री असूनही हा त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही आणि ती फासावर जाते. संताप येतो, पण पुस्तक खाली ठेववत नाही. एक तर अपराध त्याला आतून पोखरत असतो. दुसरं म्हणजे शेली त्या टाकून दिलेल्या जीवाला आपली कैफियत मांडायला सलग कितीतरी प्रकरणं देते. आपल्या रागाला तिथे वाट मिळते.

माझ्या नायकाला मात्र कुणी एका शब्दाने बोलत नाही. लेखकाचाही लाडका असावा, असा संशय आहे. पापी माणूस एक वेळ चालतो हो. स्वतःवर खूश असलेला रडतराऊत नाही सोसवत. मग व्हायचं तेच झालं. मला भुताची काळजी वाटू लागली. इतक्या वर्षांनी बिचाऱ्याला सोबत मिळाली, आणि ती ही!

"नेटाने वाच गं, शेवटी मरतो तो," पुस्तक देणाऱ्या मैत्रिणीने आमिष दाखवलं.

"मग गोष्ट सांगतो कोण?"

"त्याचंच भूत."

म्हणजे मेल्यावरही हा गप्प बसणार नाही! पुस्तक मी तिला तिथल्या तिथे परत केलं.