नवी डबल डेकर आणि न उघडणारी खिडकी

रविवारी आम्ही चौघं बसवेडे परत मुंबईत सीएसएमटीला जमलो, ए-११५ नंबरच्या डबल डेकर बसने नरिमन पॉईंटच्या एनसीपीए नाट्यगृहाला जायचं, चहा मारायचा आणि त्याच नंबरने परत यायचं, घरी विचारतात यात काय मिळतं तुम्हाला, उत्तर नाहीये.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ही लाल एसी इलेक्ट्रिक डबल डेकर रस्त्यावर आली तेव्हापासून आमचं भांडण चालूच आहे. एक मित्र गिअर बदलतानाच्या आवाजावरून लेलँड टायटन ही जुनी डबल डेकर ओळखायचा, त्याच्या मते ही बस नाहीच, चाकं लावलेला फ्रीज आहे. गंमत म्हणजे ही बनवणारी स्विच कंपनीपण अशोक लेलँडच्याच घरातली, पण हे सांगितलं की तो अजून चिडतो. दुसरा आकड्यांचा माणूस, २३१ किलोवॅट अवरची बॅटरी, ६६ सीटा, दोन दरवाजे, दोन जिने, सगळं तोंडपाठ. दोन जिन्यांचं मला स्वतःला पटलं, जुन्या गाडीत त्या एकाच मागच्या जिन्यावर चढणारे आणि उतरणारे एकमेकांच्या अंगावर यायचे, त्यात वरचा कंडक्टर टिकटिक करत ओरडणार पुढे चला पुढे चला. एका बसला दोन कंडक्टर लागायचे आणि खर्चाचं रडगाणं तिथूनच सुरू व्हायचं.

पण खिडकी! वर सगळ्यात पुढे बसून तोंडावर वारा घ्यायचा, झाडाच्या फांद्या खिडकीवर घासत जायच्या, कधी पानं आत पडायची, डबल डेकर म्हणजे तेवढंच होतं हो आमच्यासाठी. आता बंद काच. मे महिन्यात आईला घेऊन बसलो तर ती म्हणाली वाऱ्याचं काय घेऊन बसलायस, घाम नाही आला हे बघ. तिचंही खरंच आहे, रोज ऑफिसला जाणाऱ्याला विचारलं तर तो एसीच मागणार.

शेवटची जुनी साधी डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला ४१५ नंबरवर अंधेरी ते सीप्झ धावली, आणि १९३७ पासूनचा प्रकार संपला. त्या दिवशी रडलेल्यांपैकी किती जण त्याआधी वर्षभरात ४१५ मध्ये बसले होते देव जाणे, मी स्वतः एकदाच. माझी खरी तक्रार दिसण्याची नाहीच, आकड्याची आहे. नव्वदच्या सुरुवातीला ९०० च्या आसपास डबल डेकर होत्या म्हणतात, नव्या २०० यायच्या होत्या आणि आल्या साधारण ५०. दिवे कसे आहेत, लाल रंग जुना आहे की नाही यावर आम्ही तासभर घालवतो आणि बस येते तेव्हा सिंगल डेकर येते.

परत येताना बस लागली तसे चौघं धावलो, पण सात-आठ वर्षांचं एक पोरगं पुढच्या जिन्याने आमच्या आधी वर पोचलं आणि पहिल्या सीटवर काचेला नाक लावून बसलंसुद्धा. टायटनवाला म्हणाला उतरा, पुढची पकडू.