तुम्ही विचारलंत म्हणून : निरांजन शांत होईपर्यंत

"काकू, तुम्हाला रोज बसवतं तरी कसं?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. भाजीच्या ठेल्यापाशी, मुंजीच्या पंगतीत, संकष्टीला अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना जमलो की. विचारणाऱ्यांत दोन जाती आहेत. काहींना वाटतं माझ्यावर कुठल्या तरी महाराजांची कृपा झालीय आणि मी त्यांचा पत्ता लपवतेय. काहींना वाटतं मी जन्मजातच जिद्दी, म्हणजे आपण प्रयत्न केला नाही तरी चालेल. दोघांनाही मी "होतं आपलं" म्हणून वाटेला लावत आले. परवा मात्र भाचीनं पिच्छा पुरवला. नोकरी सांभाळून ती राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करते. आमच्या इंदूरला मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं ऑफिसच आहे आणि भंवरकुआँकडे तर घराघरावर क्लासच्या पाट्या, त्यामुळे हे खूळ इथं हवेतच आहे. ती म्हणाली, "मामी, मी गणपतीला नमस्कार करून बसते, तरी दहा मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. तुमचं कसं काय जमून राहिलंय?"

माझं काय जमून राहिलंय ते आधी सांगते. मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचायला शिकतेय. सासूबाईंच्या ट्रंकेत लाल कापडात बांधलेला एक रुमाल होता. रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे, कागदांचं गाठोडं. घरातले कोणी पणजे-खापरपणजे होळकरशाहीत एका सरदाराकडे कारकून होते म्हणे, त्यांचे कागद. दर दिवाळीला ट्रंक आवरताना तो निघायचा, सगळे हळहळायचे, "यात काय असेल कोण जाणे" म्हणायचे आणि पुन्हा डांबराच्या गोळ्यांसकट आत. निवृत्तीच्या वर्षी मी मोजले. लहानमोठे १४० कागद. त्यातला शेवटचा कागद वाचेपर्यंत थांबायचं नाही, असं त्या दिवशी ठरवलं. ठरवणं सोपं असतं.

बँकेत मी बत्तीस वर्षं होते, त्यातली बरीचशी कॅशवर. नोटा मोजताना माझं चित्त कधी ढळलं नाही, याचा मला अभिमान होता. ती एकाग्रता माझी नव्हती, बँकेची होती, हे घरी बसल्यावर कळलं. काउंटरपलीकडे माणूस उभा असतो, त्याच्या मागे रांग असते, संध्याकाळी हिशोब जुळावा लागतो, नाही जुळला तर पदरचे भरावे लागतात. घरी कोण उभं होतं? सकाळी पोहे झाले, भिंग घेऊन बसले, की सात मिनिटांत मी उठून जिरावनाची, पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, बाटली जागेवर ठेवत असे. कुणी सांगितलं नसताना.

भावजयीनं खजराण्याला जायचा सल्ला दिला. अहिल्याबाईंनी बांधवलेलं ते गणपतीचं देऊळ, बुधवारी आणि चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसते. तिथं मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा, मागणं मागायचं, ते पूर्ण झालं की येऊन सुलटा काढायचा अशी रीत आहे. मी गेले, काढला, "मोडी वाचता येऊ दे" म्हटलं, मोदकाचा प्रसाद घेतला आणि घरी येऊन छान झोपले. पुढचे वीस दिवस मी कागदाला हात लावला नाही. खरं सांगायचं तर मनातून निश्चिंत होते, अर्ज देऊन आले होते ना! रीतीला मी नावं ठेवत नाही. माझ्या शेजारी उभी राहून स्वस्तिक काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जे पाणी होतं, त्याच्यापुढे माझं शहाणपण कशाला? पण माझ्यापुरतं कळलं की देवाला मी ऑफिसातल्या साहेबासारखं वागवत होते. फाइल पुढे सरकवली, आता सही होईल तेव्हा होईल.

उपाय सासूबाईंकडून आला, तोही रागावण्यातून. संध्याकाळी मी देवापुढे निरांजन लावलं आणि लगेच फोन घेऊन वळले. त्या म्हणाल्या, "त्याला एकटं टाकून चाललीस? तेवणाऱ्या दिव्याजवळ माणसानं बसावं." मी म्हटलं, "विझेपर्यंत?" तर त्याही शब्दावर रागावल्या. "विझलं म्हणू नये गं. शांत झालं म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून मी तेच करू लागले. देवघरापुढे पाट, पाटावर कागद, निरांजनात एक फुलवात आणि मोजून दोन चमचे तूप. आमच्या निरांजनात ते पस्तीस-चाळीस मिनिटं चालतं. ते शांत होईपर्यंत उठायचं नाही. वाचलं तर वाचलं, नाही तर नुसतं बसायचं. जुन्या कागदाशेजारी दिवा ठेवते म्हणून घाबरू नका. मूळ कागद कपाटात असतात, पाटावर झेरॉक्स असते, आणि निरांजन हात लांब केला तरी पोचणार नाही इतकं दूर.

यात एक गंमत अशी की पंखा लावता येत नाही. इंदूरच्या मे महिन्यात हे काय आहे ते इथल्या माणसालाच कळेल. पहिल्या उन्हाळ्यात मी घामानं अशी भिजायचे की झेरॉक्सची शाई बोटाला यायची. थंडीत उलटं, तूप गोठतं, ज्योत फडफडते, वात सारावी लागते. पण या सगळ्यात एक गोष्ट झाली. माझ्यासमोर पुन्हा कोणीतरी उभं राहिलं. काउंटरपलीकडे. घाई न करणारं, ओरडा न करणारं, पण माझं काम होईपर्यंत न हलणारं गिऱ्हाईक. माझी श्रद्धा म्हणाल तर ती एवढीच आहे. देव मला मोडी वाचून दाखवणार नाही, तो समोर बसणार. समोर कोणी बसलेलं असताना मध्येच उठून जिरावनाची बाटली जागेवर ठेवणं मला जमत नाही, संकोच वाटतो.

भाची यावर म्हणाली, "म्हणजे टायमरच झाला की." हो, टायमरच. फक्त टायमर वाजला की मी सुटले असं वाटायचं, आणि निरांजन शांत झालं की हात आपोआप जोडले जातात. या दोन्हींत फरक आहे असं मला वाटतं. तिला वाटत नाही. तिनं टायमर लावावा.

आता मोडीविषयी थोडं, कारण त्याशिवाय पस्तीस मिनिटांत काय होतं ते कळायचं नाही. मोडीत आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगत जातात, बोरू शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, ओळ म्हणजे एक लांबच लांब वेणी. वेलांटी एकच, उकार एकच, म्हणजे दिन आणि दीन सारखेच, कुठला ते अर्थावरून ठरवा. आणि अर्थ लागायला आधी शब्द लागायला हवा! पहिले तीन महिने मी एका संध्याकाळी एखादी ओळ वाचत असे. पुण्याचे एक सर रविवारी ऑनलाइन शिकवतात, ते म्हणायचे, "अक्षर वाचू नका, वळण वाचा." मला राग यायचा. वळण वाचा म्हणे! सात-आठ महिन्यांनी एका संध्याकाळी 'राजश्री' हा शब्द मी अक्षरं न जुळवताच वाचला, ओळखीचा माणूस पाठमोरा ओळखावा तसा. त्या दिवशी दिवा शांत झालेला मला कळलाच नाही.

तारखांनी मात्र मला मनापासून आनंद दिला. शेवटी मी आकड्यातली बाई. एका कागदावर 'सन इसन्ने सलासीन मयातैन व अलफ' असं आहे. हे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली वर्षं मोजायची पद्धत, अरबी आकडे, एककापासून वर चढत जाणारे. इसन्ने म्हणजे दोन, सलासीन तीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२३२. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून इसवी सन काढताना महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. म्हणजे १८३१-३२. इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी इंदूरला आली, त्याला तेव्हा उणीपुरी चौदा वर्षं झाली होती. रकमांपुढे उभ्या रेघा असतात, एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. ३॥ म्हणजे साडेतीन. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, लहानपणी आजीच्या वहीत पाहिलं होतं.

आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर श्री. हिशोब असो, निरोप असो, उसनवारीची चिठ्ठी असो, वर श्री आहेच. आधी मी ते ओलांडून खाली जायचे. हळूहळू तिथं थांबायला लागले. आमच्याकडे तळहातावर पिंड घेतलेल्या अहिल्याबाईंचं चित्र देवघराशेजारीच आहे, इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत असतं. त्यांच्या आज्ञापत्रांवर शंकराचं नाव असे, राज्य त्याचं आणि आपण नुसत्या चालवणाऱ्या, असा भाव. पण शंकराचं नाव घातलं म्हणून निवाडा शंकरानं केला नाही. १७६७ ते १७९५, महेश्वरी बसून, फिर्यादी ऐकून, त्या बाईंनीच केला. नवरा, सासरे, मुलगा एकामागून एक गेल्यावर केला. "देवावर सोडून दे" असं मला कुणी म्हणालं की मी राजवाड्यासमोरच्या त्यांच्या पुतळ्याकडे पाहते. त्यांनी काय सोडलं होतं देवावर? मला वाटतं, श्रेय सोडलं असेल. काम नाही सोडलं.

खंड पडला का, हेही लोक विचारतात. पडला. यांची बायपास झाली तेव्हा ४१ दिवस मी पाटावर बसले नाही. हॉस्पिटलात कोण निरांजन लावू देतंय? आणि घरी आल्यावर औषधांच्या वेळा, पथ्याचं, भेटायला येणारे, त्यांचा चहा. बेचाळिसाव्या दिवशी बसले तर अक्षरं पुन्हा परकी झालेली. त्या दिवशी मी रडले. नेम मोडला, आता पहिल्यापासून, असं काहीतरी मनात होतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "देव काय हजेरीपुस्तक घेऊन बसलाय?" मग मला हसू आलं, कारण मी नेमकं तेच समजत होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही. कृष्ण त्याला धीर द्यायला "छे, सोपं आहे" म्हणत नाही. आधी मान्यच करतो की यात शंका नाही, मन आवरायला कठीणच आहे, आणि मग अभ्यास सांगतो. ते आधीचं मान्य करणं मला फार आवडतं. रोज सकाळी फोनवर सूर्योदयाच्या चित्रासकट येणाऱ्या 'ध्येय गाठा' छाप संदेशांत ते कधीच नसतं.

तर भाचीला मी काय सांगितलं? तूप दोनच चमचे घाल, असं सांगितलं. सगळे पहिल्या दिवशी समई भरून बसतात. चार तासांचा संकल्प, पाच दिवसांत कंटाळा. आणि मागणं मागू नकोस असं नाही, माग, पण मागितल्यावर तिथून उठू नकोस. तिनं विचारलं, परीक्षा झाली नाही पास तर? मला उत्तर आलं नाही. मी मोडी कुणाला दाखवण्यासाठी शिकत नाही, माझ्या कागदांना कट-ऑफ नाही. तिची गोष्ट वेगळी आहे, हे मला तिला कबूल करावं लागलं.

आजवर ६१ कागद झाले. खजिना, सनद, राजघराण्याचं गुपित, नातेवाइकांना जे जे वाटत होतं त्यातलं काही निघालं नाही. सध्या एका घरखर्चाच्या रोजकीर्दीत आहे. ज्वारी, गूळ, दिव्याचं तेल, न्हाव्याला दिलेले, कुणाला उसने दिलेले. रोजच्या नोंदीला वर श्री, खाली चंद्र-तारीख, म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस, मग खर्च. गेल्या आठवड्यात एक पान लागलं. श्री, तारीख आणि खाली काही नाही. पुढचा दिवस, श्री, तारीख, कोरं. असे सलग नऊ दिवस. आजारी होते, गावी गेले होते, हातात पैसाच नव्हता, काही कळायला मार्ग नाही. दहाव्या दिवशी गूळ आलाय, पाव शेर.

मी ते पान सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी झेरॉक्सवरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "कुठंय श्री, दाखव." मी त्यांचं बोट नऊही ठिकाणी नेऊन ठेवलं.

हे म्हणतात, एवढं वाचता येतं तर खजराण्याला जाऊन स्वस्तिक सुलटा काढून ये, देवाचं देणं ठेवू नये. मी म्हटलं, ७९ कागद बाकी आहेत. शिवाय बुधवारी तिथं रांग फार असते.