'यू'ला एस का नाही?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर मी इंग्रजीचा क्लास घेते. संध्याकाळची बॅच मोठ्यांची. तिच्यात एक काकू होत्या, साठी उलटलेल्या, मुलाकडे कॅनडाला निघालेल्या. अक्षर मोत्यासारखं, पण तीन आठवडे चूक एकच: 'यू गोज टू मार्केट.' आणि जिथे एस हवा तिथे नेमकं 'ही गो'. मी आपली लाल पेनाने गोल करतेय.

गुजराती पोरांचं मी समजू शकत होते. 'तुं जाय छे', 'ए जाय छे', त्यांच्याकडे दोघांना रूप एकच. ती सगळीकडे 'गो'च ठेवून मोकळी व्हायची. काकूंचं काय चाललंय ते कळेना.

त्या दिवशी मी नेहमीचं पाठ केलेलं म्हटलं, "कर्ता एकवचनी असला की एस." काकूंनी पेन खाली ठेवलं.

"टीचर, मी एक, तू पण एकच. मग एस एकट्या 'ही'लाच का? आपल्यात तर स 'तू'ला लागतो ने? तू जातेस, तू खातेस. 'तो जातो'त कुठाय स?"

मी खडू धरून नुसती उभी. इतकी वर्षं मराठी बोलतेय, 'जातेस'मधला हा स कधी डोळ्यांत भरलाच नव्हता. आणि माझा नियमही अर्धवटच होता.

फळा पुसला. इंग्रजीतही पूर्वी वेगळा 'तू' होता: दाऊ. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलात 'दाऊ गोएस्ट' सापडतं, आणि तिथलं 'तो जातो' म्हणजे 'ही गोएथ'. त्या थची जागा पुढे एसने घेतली. 'यू' मुळात अनेकांसाठी. नंतर मान द्यायला एकालाही, थेट आपलं 'तुम्ही'. दाऊ बोलण्यातून गेलं, यू उरलं, पण क्रियापद अनेकवचनीच राहिलं. म्हणून समोर एकटा माणूस असला तरी 'यू आर', 'यू इज' नव्हे.

"अगंबाई, म्हणजे ते कुत्र्यालाही अहो-जाहो करतात?"

पोरं खो-खो हसली. त्याच ओघात मी प्रश्नाकडे वळले: 'ही गोज', पण 'डझ ही गो?' एस डझकडे गेला की गो रिकामं. काकू म्हणाल्या, "किल्ल्यांचा जुडगा एकच. थोरलीच्या कमरेला खोचला की धाकटीकडे कुठून येणार?" हे मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला सांगते, आणि 'डझ ही गोज' खरंच कमी झालंय.

सुटताना काकूंनी वही पुढे केली. "चारशे वर्षांपूर्वी माझा स चालला असता ने? मग हे लाल गोल?"

मी सातही गोलांशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'दाऊ असतं तर जवळपास बरोबर.'