सेपरेटर बदलला त्याची गोष्ट

साकीनाक्याला आमचा गाळा आहे, पत्र्याच्या पॅनलवर स्प्रे पेंटिंग करतो. कंप्रेसरच्या हवेतून तेल येऊ लागलं की आमच्या धंद्यात ते लपत नाही. रंग मारल्या मारल्या फिश आय पडतात, म्हणजे रंग गोल फाटतो आणि आतला प्रायमर दिसतो. पाऊस सुरू झाला आणि हेच चालू झालं. रंगारी थिनरला दोष देत होता, थिनरवाला रंगाला. शेवटी गन काढून पाइपच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं. नुसतं पाणी असतं तर फडकं ओलं झालं असतं. इथे पिवळे ठिपके उमटले.

आमचा कंप्रेसर स्क्रू पद्धतीचा. त्यात हवा तेलासोबतच दाबली जाते आणि टाकीतला सेपरेटर ते तेल वेगळं करतो. म्हणजे संशय त्याच्यावरच. पण फिटर काका म्हणाले, "अहो, आधी ती बारीक नळी बघा. सेपरेटर महाग आहे, नळी फुकट आहे." सेपरेटरच्या तळाशी साठलेलं तेल या नळीतून परत जातं. ती चोक झाली तर सेपरेटर चांगला असूनही तेल बाहेर पडतं. नळीच्या काचेत तेल वाहताना दिसत होतं. टाकीत तेलही जादा भरलेलं नव्हतं. मग दोन्ही गेज पाहिले: टाकीत दाब ७.९ बार, सेपरेटरनंतर ७. नव्या सेपरेटरला हा फरक साधारण ०.२ असतो, एकच्या आसपास गेला की बदलायचा. अवर मीटरही ४००० तासांच्या पुढे गेला होता. शिवाय दाब एक बारने वाढवावा लागला की वीज सहा-सात टक्के जादा जाते. ते बिल आम्ही भरतच होतो.

नागदेवी स्ट्रीटला निम्म्याहून कमी किमतीत 'सेम टू सेम' मिळत होता. उंची, व्यास सगळं जुळत होतं, पण गॅस्केटला, म्हणजे झाकणाखालच्या सीलला, पिना नव्हत्या. आमच्या पोऱ्याला वाटायचं, त्या स्टेपलच्या पिना पॅकिंगवाले काढायला विसरतात. त्या मुद्दाम मारलेल्या असतात. तेलाचं धुकं फिल्टरच्या काचतंतूंतून जाताना स्थिर वीज साठते. पिनांमुळे ती टाकीच्या धातूत उतरते. नाहीतर तेलाने भरलेल्या टाकीत ठिणगी. मी पार्ट नंबर दाखवून कंपनीचाच घेतला.

काम सुट्टीच्या दिवशी काढलं. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, टाकीचा गेज शून्यावर येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. काकांनी बोल्ट समोरासमोरचे, जोडीजोडीने सैल केले. जुनं गॅस्केट झाकणाला पापडासारखं चिकटलेलं. खरवडताना तुकडे टाकीत पडू नयेत म्हणून तोंडावर कापड पसरलं. अर्धा दिवस त्या खरवडण्यातच गेला. नवा बसवल्यावर परतीच्या नळीचं टोक तळापासून जेमतेम काही मिलिमीटर वर राहील असं पाहिलं. फार वर राहिलं तर तळातलं तेल ओढलंच जात नाही.

ऑइल फिल्टर त्याच हातासरशी बदलला. रबराला तेलाचं बोट फिरवायचं, हाताने आवळायचं, वर पाऊण फेरा. इनटेक फिल्टरला, म्हणजे बाहेरची हवा आत घेताना गाळणाऱ्या फिल्टरला, पोऱ्या हवा मारायला निघाला होता, त्याला थांबवलं. जोरात हवा मारली की कागद फाटतो, छिद्र दिसतही नाही. आत टॉर्च धरली आणि प्रकाश जेमतेम बाहेर आला, म्हणून नवाच टाकला.

चालू केल्यावर फरक ०.२ वर आला, तरी फडक्यावर डाग येतच होते. ते लाइनमध्ये आधीच साचलेलं तेल. लाइन फिल्टरचा एलिमेंट बदलला, पाइप मोकळे सोडून फुंकले, तेव्हा कुठे पॅनल स्वच्छ निघायला लागले. साचलेलं पाणी सोडणाऱ्या ड्रेनचा टायमर पावसाळ्यापुरता लवकर लवकर उघडेल असा लावला आहे. काढलेलं तेल ड्रममध्ये आहे. भंगारवाला रोज विचारतो, पण ते अधिकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं. पुस्तकात इनटेक फिल्टरला २००० तास लिहिलेत, आमचा मात्र दिवाळीपर्यंत टिकेलसं वाटत नाही. समोरचा रस्ता परत खोदलाय.