खाऱ्या मातीतले शेजारी

दोन झाडे जवळ वाढली की पाणी, प्रकाश आणि पोषणद्रव्ये यांसाठी त्यांच्यात झगडा होणारच, असे मी बराच काळ गृहीत धरून चाललो होतो. भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खारपट जमिनीने हा समज मोडला. तिथे उघड्या मातीवर ऊन पडले की पाणी वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते आणि क्षारता इतकी वाढते की बी रुजतच नाही. मात्र एखाद्या गवताने ती माती सावलीत धरली, तर बाष्पीभवन मंदावते आणि शेजारच्या रोपाला जगण्यापुरती सवड मिळते. काही वनस्पती मुळांवाटे चिखलात प्राणवायूही झिरपू देतात, जे मला सावलीहूनही अधिक नवलाचे वाटते.

मार्क बर्टनेस आणि रेगन कॅलवे या परिसंस्था-अभ्यासकांनी 1994 मध्ये मांडले की परिस्थिती जितकी कठोर, तितके वनस्पतींचे परस्परसाहाय्य महत्त्वाचे ठरते आणि ती निवळली की स्पर्धा वरचढ होते. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या खाजणांत जंकस ही गवतासारखी वनस्पती काढून टाकल्यावर माती अधिक खारट झाली आणि तिच्या आधाराने वाढणाऱ्या आयव्हा झुडपांची स्थिती खालावली. कमी खारट, उंच भागात मात्र हीच वनस्पती त्या झुडपांची प्रतिस्पर्धी होती. (याला मैत्री म्हणण्याचा मोह मी टाळतो, कारण जंकस सावली धरते ती स्वतःसाठीच.) शिवाय आधार घेणारे रोप मोठे झाले की तेच कधीकधी आधार देणाऱ्याचा प्रकाश अडवते.