फिरतो, पण तापवत नाही

कोथरूडच्या मावसबहिणीचा जुना कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह. दिवा लागतो, काचेची प्लेट फिरते, पंखा चालतो, टायमर शून्यावर आला की टिंग वाजतं. आमटी मात्र गारढोण. कारागीर म्हणाला, ‘मॅग्नेट्रॉन गेलाय’ (म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी सोडणारा भाग), आणि असा आकडा सांगितला की ताईने लगेच मला फोन लावला. (पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नोकरी केली म्हणजे नातेवाइकांत जन्मभर फुकटचा मेकॅनिक.)

निम्मं निदान झाकण न उघडताच होतं. ग्रिल लावला, तो तापला. म्हणजे वीज आत येतेय, भानगड हाय व्होल्टेजच्या बाजूला. मग कपभर पाणी ठेवून मायक्रोवर मिनिटभर लावला आणि कान दिला. नुसता पंखाच ऐकू आला असता तर आधी दाराचे स्विच आणि रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) बघितले असते. इथे जाड घरघर येत होती, नेहमीपेक्षा कितीतरी मोठी, आणि पाणी होतं तसंच. म्हणजे वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचत होती, अडत होती त्याच्या पुढे.

आत ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे साधारण 2000 करतो. कपॅसिटर (चार्ज साठवणारा) आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) मिळून ते दुप्पट करतात आणि त्या चारेक हजार व्होल्टवर मॅग्नेट्रॉन 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. यातलं काहीही गेलं तरी बाहेरून लक्षण एकच, त्यामुळे सगळ्यात महाग पार्टवर बोट ठेवणं सोपं पडतं.

प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. त्याच्या आत चार्ज उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तोही बिघडतो. मी आधी कपॅसिटर डिस्चार्ज केला, मगच हात घातला. कसा, ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्याला येतं त्याला सांगायला नको, आणि ज्याला येत नाही त्याने झाकणाचे स्क्रू काढूच नयेत.

डायोडचं एक टोक बॉडीला स्क्रूने आवळलेलं असतं. तो सोडवून मीटर लावला, तर दोन्ही बाजूंनी बीप. शॉर्ट! उलट दोन्ही बाजूंनी ‘ओपन’ दिसला असता तर तेवढ्यावरून मी तो फेकला नसता. हा डायोड चालू व्हायला काही व्होल्ट लागतात, साध्या मीटरचं तेवढं बळ नसतं. तेव्हा 9 व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये घेऊन तपासावं लागतं. मॅग्नेट्रॉनही बघितला: फिलामेंटचा (आतल्या तापणाऱ्या तारेचा) रोध एक ओहमच्या आत, बॉडीशी संपर्क नाही. एवढ्यावरून तो शंभर टक्के चांगला ठरत नाही, पण बदलायचं कारणही दिसेना.

तापकीर गल्लीत डायोड मिळाला, दोघांच्या मिसळीच्या पैशांत. तो बसवून पुन्हा कपभर पाणी ठेवलं, मिनिटात वाफा यायला लागल्या.

आता हाही डायोड लवकर उडाला, तर कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन त्याला मारतोय असं समजायचं. मग एवढ्या जुन्या ओव्हनवर खर्च करायचा की नवा घ्यायचा, ते ताईने ठरवावं. तिचा कल आत्तापासूनच नव्याकडे आहे.